स्नोब्लोअरबाबत आमच्या घराची भूमिका

ज्या गोष्टीला तुमचा ठाम विरोध आहे, तिच्या बाजूने तुम्ही शेवटचं कधी लिहिलं होतं? प्रामाणिकपणे, एकही टोमणा न मारता, वाचणाऱ्याला ती पटावी म्हणून?

आमच्या घरात हे करावंच लागतं. याच नियमापायी गेल्या जानेवारीत आम्ही कोथरूडमध्ये बर्फ उडवायचं मशीन घ्यावं की घेऊ नये यावर रीतसर सभा भरवली. तेच कोथरूड, जिथे जरा गारवा पडला की लोक कानटोपी घालून दूध आणायला जातात.

मशीन अर्थात आमच्यासाठी नव्हतं. ते माझ्या मोठ्या बहिणीसाठी, ताईसाठी होतं. ताई कॅनडातल्या एका लहान शहरात राहते. शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि "दोन-चार वर्षांत येतेच परत" हे वाक्य दर दिवाळीला फोनवर म्हणत राहिली. मागच्या उन्हाळ्यात तिने तिथे घर घेतलं. आईने तेही पचवलं, कारण घर विकता येतं. पण डिसेंबरात ताईने सहज विचारलं, "मी स्नोब्लोअर घेऊ का गं?" ते काही आईला पचेना. संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती मला म्हणाली, "घर काय, गुंतवणूक म्हणूनही घेतात. बर्फ काढायचं मशीन गुंतवणूक म्हणून कोण घेतं? ते तिथे राहणारा माणूस घेतो."

म्हणजे आईपुढे प्रश्न मशीनचा नव्हताच. ताई परत येणार की नाही, एवढाच होता. हे बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि माझ्या अंदाजाने ताईलाही माहीत होतं. नाहीतर स्वतः कमावणारी, स्वतःच्या घराचे हप्ते भरणारी बाई आईबापांना असलं काही विचारेल कशाला?

अर्थात दुसरंही कारण होतं. आम्ही दोघी पत्रकांवर वाढलोय. बाबा कारखान्यातल्या युनियनचं काम करायचे, आई बायकांच्या संघटनेचं. दोघं एकाच चौकात उभं राहून आपापली पत्रकं वाटत होते, गर्दी आटल्यावर एकमेकांना देऊन बसले, आणि त्यातून लग्न झालं. मी अक्षरं शिकले ती गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर. माझ्या शाळेच्या डब्यातली पोळी 'जाहीर निषेध' या शब्दांत गुंडाळलेली असायची.

घरात काही मोठं घ्यायचं असेल, तर आमच्याकडे आधी दोन पत्रकं निघतात. एक बाजूचं, एक विरोधाचं. पण बाजूचं लिहायचं विरोध करणाऱ्याने, आणि विरोधाचं लिहायचं ज्याला ती वस्तू हवी आहे त्याने. नियम बाबांचा. ते म्हणतात, समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता येत नसेल, तर तुमचा विरोध म्हणजे नुसता रुसवा. मिक्सर असाच आला, वॉशिंग मशीन असंच आलं, आणि मायक्रोवेव्ह आईला हवा होता, पण तिच्याच लेखणीपुढे टिकला नाही.

यावेळी बाबांना स्नोब्लोअर हवा होता. ताईसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. यूट्यूबवर ते मशीन बर्फाचा फवारा कमानीसारखा लांब फेकताना त्यांनी पाहिलं आणि ते प्रेमातच पडले. जेवताना उगाच हाताने कमान करून दाखवायचे. तेव्हा विरोधाचं पत्रक त्यांच्याकडे गेलं. आईला मशीन नको होतं, म्हणून बाजूचं आईकडे. मी अध्यक्ष. अध्यक्षाला मत फक्त बरोबरी झाली तरच. ताईला मतच नाही, कारण ती लाभार्थी. हे तिला कळवलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

माझा स्वतःचा विरोध होता आणि तो आईच्या विरोधाहून फार वेगळा होता. पेट्रोल, धूर, पहाटे सगळ्या गल्लीला उठवणारा आवाज, आणि ज्याच्या त्याच्या गॅरेजमध्ये आपापलं मशीन. एका गल्लीला एक पुरत नाही का? मी भाषणही तयार केलं होतं. अध्यक्षांनी भाषण करायचं नसतं, अशी आठवण मला दोन्ही बाजूंनी करून देण्यात आली.

बाबांनी कामाला सुरुवात केली ती प्रत्यक्ष प्रयोगाने. फावड्याने बर्फ काढणं किती अवघड, हे न अनुभवता पत्रक लिहिणं त्यांना अप्रामाणिक वाटलं. रविवारी सकाळी ते स्कूटरच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी घेऊन आले. पार्किंगच्या कोपऱ्यात आम्ही दोघांनी ती हातोडीने फोडली, पसरली, आणि बाबांनी माळीकाम करणाऱ्यांकडून आणलेल्या फावड्याने उपसायला सुरुवात केली. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, कपाळावर घाम.

सोसायटीचे चेअरमन फिरून परत येत होते. ते थांबले, त्यांनी बर्फाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"मासे मागाहून येणार आहेत का?" त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "नाही, कॅनडाचा प्रश्न आहे."

"असं होय," चेअरमन म्हणाले. "मग पार्किंगही त्यांनीच पुसून घ्यावं." आणि लिफ्टकडे गेले.

संध्याकाळी बाबांनी ताईला प्रयोगाचा व्हिडिओ पाठवला. तिचं म्हणणं पडलं की बर्फ असा नसतो. आकाशातून पडतो तो चाळलेल्या मैद्यासारखा, फुंकर मारली तरी हलतो. बाबांचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली की रस्ता साफ करणारी मोठी गाडी येते ना, ती रस्त्यावरचं सगळं ढकलून आपल्या दारात ढीग लावून जाते. तो ढीग मात्र अगदी बाबांच्या पार्किंगसारखा. बाबा पुन्हा खुलले.

पण पाठोपाठ त्यांना कळलं की ताईचं घर कोपऱ्यावर असल्याने दोन्ही अंगांचा फुटपाथ तिलाच साफ करावा लागतो, तसा तिथला नियम आहे. फुटपाथ सगळ्यांचा आणि झाडायचा एकटीने? आपल्याकडे ड्रेनेज खोदणारे राडारोडा गेटपुढे टाकून जातात, तेव्हा निदान तो उचलणं आपलं कर्तव्य आहे असं तरी कुणी म्हणत नाही! बाबा त्या क्षणापासून कॅनडाशी भांडायला लागले, आणि विरोधाचं पत्रक आपोआप धारदार होत गेलं.

आईने प्रयोग वगैरे केला नाही. तिने ताईला फक्त एवढंच सांगितलं की बर्फ काढून झाल्यावर नको, काढत असताना फोन कर. तिथे सकाळचे सहा म्हणजे आमचा चहा. ताई फोन गाडीच्या टपावर टेकवून ठेवायची. आई इकडे आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवायची आणि पाहत बसायची. अंधार, दिव्याखाली पिवळा पडलेला बर्फ, आणि गोधडीएवढं जाड जाकीट घातलेली आमची ताई, फावडं खुपसते, उचलते, वळते, टाकते. आई सूचना द्यायची. हात बदल. थोडं थोडं घे. कान झाक.

एके दिवशी ताईने दार मोकळं केलं, फावडं टेकवलं, आणि तेवढ्यात ती रस्ता साफ करणारी गाडी आली. गेली, आणि दारात पुन्हा कमरेएवढा ढीग. आई खुर्चीवरून उठलीच. फोनकडे बोट दाखवत ती त्या ड्रायव्हरला मराठीत झापायला लागली, डोळे आहेत का, पोरीने आत्ता साफ केलंय, दिसत नाही का. ड्रायव्हर केव्हाच पुढे गेला होता. ताई हसायला लागली, आम्हीही हसलो, बाबांना ठसका लागला.

सगळ्यांत आधी आई हसायची थांबली. ताई हसताना वाकली होती आणि सरळ होताना तिने एक हात कमरेवर ठेवला, मग गाडीचा आधार घेतला, आणि हळूहळू, टप्प्याटप्प्याने उभी राहिली. आईने चहा घेतला नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती लिहायला बसली.

शनिवारी संध्याकाळी सभा झाली. ताई फोनवर होती. बाबांनी पिवळा कागद वाचला. बर्फ पडतो ते थोडे दिवस, मशीन जागा अडवतं वर्षभर. ओला बर्फ नळकांड्यात अडकतो, आणि अडकला की हात घालायचा मोह होतो, तो जिवावर बेततो. हलक्या बर्फाला फावडं पुरतं. आणि शेवटी, आवाज चढवून: जे काम सगळ्यांचं आहे, त्यासाठी एकेकट्याने मशीन विकत घेणं म्हणजे सगळ्यांना कामातून मोकळं करणं. वाचून झाल्यावर ते स्वतःच भारावून कागदाकडे बघत राहिले.

आईचा गुलाबी कागद साधा होता. घर कोपऱ्यावर आहे. गॅरेजमध्ये जागा आहे. हलका बर्फ फावडं उचलेल, दारातला ढीग उचलणार नाही. कामावर जायच्या आधीचा तास जातो आणि कंबरही जाते. नळकांड्यात हात न घालण्याइतकी मुलगी शहाणी आहे. शेवटच्या ओळी मात्र तिने फोनकडे बघत वाचल्या.

"मशीन घेतलं म्हणजे ती तिथली झाली, असं मला वाटत होतं. पण मशीन नसतानाही बर्फ तिच्याच दारात पडतोय. यायचं असेल तेव्हा ती येईल. कमरेला हात लावून आलेली मला नको."

 मी मतदान पुकारलं.

"बाजूने," आई म्हणाली.

बाबांनी घसा साफ केला. "विरोधात," ते म्हणाले. "काय करू, मला हे पटलंय."

फोनमधून असा काही हास्याचा स्फोट झाला की साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन आडवा झाला. मीच तो उभा केला. ताईने विचारलं, लाभार्थीला मत नाही ते ठीक, बोलता तरी येतं का? अध्यक्षांनी परवानगी दिली.

"आई, येणार नाही असं मी म्हणत नाहीये," ती म्हणाली. "पण येतेच असंही यापुढे म्हणणार नाही. दर दिवाळीला ते म्हणताना मला कसंतरी होतं."

आईने गुलाबी कागदाची घडी घातली, उलगडली. "नको म्हणूस," ती म्हणाली. "फराळ पाठवायला पत्ता एकच राहू दे म्हणजे झालं."

आता मत माझं होतं. माझं भाषण खिशात होतं, चांगलं दोन पानी, आणि ते तिथेच राहिलं. मी बाजूने मत दिलं, फक्त मशीन पेट्रोलचं नको, बॅटरीचं हवं, अशी अट घातली. अध्यक्षांना अट घालता येत नाही, असं बाबा म्हणायला लागले. आई म्हणाली, घालू दे, बिचारीचं भाषण वाया गेलंय.

मशीन आलं. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही तिघं साखरेच्या डब्यापुढे बसलो. ताईने बटण दाबलं आणि दिव्याच्या उजेडात बर्फाची पांढरी कमान उठली, अगदी बाबा जेवताना दाखवायचे तशी. विरोधी मत नोंदवलेला हा माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. आईने थोडा वेळ पाहिलं आणि फोनजवळ तोंड नेऊन सांगितलं की आता मशीन आहेच, तर शेजारच्या आजींचाही फुटपाथ काढ. एका गल्लीला एक मशीन! माझं भाषण शेवटी आईनेच एका ओळीत केलं.

बाबांनी त्या शहराच्या नगरपालिकेसाठी फुटपाथाविषयी एक पत्रक लिहिलं आहे. ताईने ते इंग्रजीत करून द्यायचं आहे. ती टाळते आहे.

आता तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या घरात सध्या ज्या गोष्टीवरून तुम्ही अडून बसला आहात, ती आज रात्रीच्या जेवणाआधी घ्या. एक कागद घ्या आणि दुसऱ्या बाजूने लिहा, तुम्हाला स्वतःला घाम फुटेल इतकं चांगलं लिहा. मग सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. मागची बाजू कोरी ठेवा, किराणा लिहायला लागेल.