आमचा काजूचा डोंगर पेटला तेव्हा

यंदा आमचा डोंगर जेवढा जळला, त्याहून जास्त किस्से त्याच्यावर उगवलेत! तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. पण आता संध्याकाळी तिठ्यावर चौघं जमलो की कोणीतरी "आठवतां मां?" म्हणतो आणि चहा तसाच निवतो.

आमचा वाडा, म्हणजे वस्ती, गोव्यात पेडणे तालुक्यात. मी म्हापशाच्या बसवर कंडक्टर. वर डोंगरावर सगळ्यांच्या काजूच्या बागा एकमेकींना खेटून आहेत. ऐन बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकायच्या दिवसांत गवत वाळतं, वारा सुटतो आणि कुठूनतरी ठिणगी पडते. काजूचं झाड जळलं की नुसता हंगाम जात नाही, नवीन झाड धरेपर्यंत वर्षं जातात. म्हणून ठरलेलं एकच, धूर दिसला की हातातलं टाकून धावायचं.

*

पहिल्यांदा धूर दिसला तो मलाच. मी ग्रुपवर टाकलं, "उजो लागलो! धावा!" अग्निशामक दलालाही फोन केला. सगळे हिरव्या फांद्या घेऊन धापा टाकत वर पोचलो, बघतो तर विष्णूची भट्टी! विष्णू बोंडवाच्या रसाची हुर्राक, म्हणजे हलकी दारू, काढतो. पण आमच्यातल्या दोघांनी पोचल्या पोचल्या फांद्या मारून भट्टी विझवलीसुद्धा!

विष्णू कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, पेटवूक माका सकाळ गेली!"

तेवढ्यात दलाचे जवान आले. त्यांनी भट्टी बघितली, आमची तोंडं बघितली, आणि नीरो, म्हणजे बोंडवाचा ताजा, गोड रस, एकेक ग्लास पिऊन ऑफिसला कळवलं, "आग आटोक्यात आहे."

*

खरी आग लागली तेव्हा मात्र गाडी वर चढेना. जवान पायी चढले, आम्ही मागून. सुदेश सरकारी ऑफिसात क्लार्क. तो पांढऱ्या शर्टातच थेट आला आणि घाईत फांदी तोडली ती पिकल्या बोंडवांनी लगडलेली! प्रत्येक फटक्याला आगीवर एक बोंडू आणि शर्टावर चार. बोंडवाचा डाग म्हणजे जन्माचा, कुठल्याही साबणाला दाद देत नाही.

बायकोने शर्ट लादी पुसायला काढला, तर सुदेशने तो काढून परत इस्त्री केला. आता लग्नाला जातानाही तोच घालतो! कोणी विचारलं तर म्हणतो, "सैन्यात मेडल छातीक लावतत मां?"

*

त्याच दुपारी वरचं पाणी संपलं. विष्णूच्या झोपडीत आंबवायला ठेवलेल्या नीऱ्याची पिंपं होती, त्याचा अख्खा हंगाम. आम्ही कोणी मागितली नाहीत. मागायची हिंमतच नव्हती. त्यानेच पहिलं पिंप ढकलत आणलं आणि आगीवर ओतत ओरडला, "घे, पी! आज फुकट! पण पिऊन मागीर गप नीज!"

*

धुरात पुढचा माणूस दिसेना, खाली उतरायची वाट कळेना. मी तर खरंच घाबरलो होतो. तेवढ्यात खालून "पोंय पोंय!" पायथ्याशी आमचा पोदेर, पाववाला, सायकल उभी करून भोंगा वाजवत होता. त्या आवाजाच्या रोखाने आम्ही एकेक करत उतरलो. हाच भोंगा पहाटे झोपमोड करतो म्हणून मी त्याला किती बोललोय! आता तो वाजला की मी अंथरुणातूनच हात जोडतो.

त्याने टोपलीतले सगळे उंडे, गोल पाव, आम्हाला वाटले. आभार मानायला गेलो तर म्हणतो, "तुमी जळून गेल्यार उंडे कोणाक विकू?"

*

सर्वांत वयस्कर आमचे आबा. त्याच दिवशी वाऱ्याने आग फाटली, अर्धी वर आबांच्या बागेकडे, अर्धी खाली माझ्या बागेकडे. माझ्या बागेखाली लगेच घरं. आबांनी स्वतःच्या बागेकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, "आदी घरां राखा!" आम्हाला घेऊन ते माझ्या बागेत उतरले. माझी बाग राहिली, घरं राहिली. आबांची गेली. या माणसाचे उपकार मी कसे फेडणार, मला खरंच माहीत नाही.

दोन दिवसांनी राखणदाराला, डोंगर राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवायला सगळे जमलो. आमच्याकडे देवाला सांगणं, म्हणजे गाऱ्हाणं, मोठ्याने घालतात आणि प्रत्येक वाक्याला बाप्ये "व्हय म्हाराजा!" म्हणतात. बायका मागे गप्प उभ्या असतात. सांगणं अर्थात आबांनीच घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, घरांदारां राखलंस..."

"व्हय म्हाराजा!"

"पोरांबाळांक राखलंस..."

"व्हय म्हाराजा!"

"माजी काजूची बाग गेली, ती तुका पावली असां मी समाजतंय. आता हेंच्या झाडापेडांक हात लावू नको रे म्हाराजा!"

मी खाली बघत होतो, सुदेश डोळे पुसत होता. आबा नारळावर हात ठेवून आमच्या होकारासाठी थांबलेले.

आणि मागून, बायकांच्या घोळक्यातून, आबांच्या बायकोचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"