ओळख व्हायले टाइम लागते

माझी बायको शेवंता तान्ह्या बाळाशी शिवीशिवाय बोलत नसे. पाय लांब करून बसायची, पोर नडग्यांवर पालथं घालायची आणि तेल चोळता चोळता सुरू व्हायची, "काहून वं चिचुंद्रे, नाक कुठं विसरून आली?" गोड बोललं की नजर लागते, असं तिचं म्हणणं. मोहल्ल्यातली निम्मी पोरं तिच्या शिव्या खाऊन मोठी झाली.

तिला जाऊन आठ महिने झाले. मी सातवी नापास, लिहिणं माझं काम नाही. पण हे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आमची रेखा पहिल्या बाळंतपणाला रामटेकहून आमच्याकडे नागपूरला आली. मुलगी झाली. रेखा तिला पाजायची, पण भिंतीकडे बघून. पाजून झालं की बाळ लगेच शेवंताच्या हातात. आठव्या दिवशी म्हणाली, "मले काहीच वाटत नाही इच्याबद्दल. शेजारच्याचं लेकरू सांभाळून राहिली, असं वाटते."

माझं तोंड फाटकं. बोललो, "माय हायेस का गोटा?"

रेखा रडायला लागली. शेवंतानं तेलकट हातानंच मला ढकललं. "तुमी बाहेर व्हा. नऊ महिने पोटात तुमी ठेवलं होतं का?"

मी निघालो, पण दाराआडच थांबलो.

"रडू नको वं," ती सांगत होती. "तू झाली तवा मी नर्सबाईले म्हटलं, हे आमचं नाही, बदलून द्या. वांग्यावानी थोबाड तुहं!"

"खरंच, आई?"

"मंग! महिनाभर तुले पाव्हणीच समजत होती मी. पाजत होती, पुसत होती, अन् कवा जाते म्हून वाट पाहत होती. ओळख व्हायले टाइम लागते. तुह्या बापाशी तं अजून होऊन राहिली!"

रेखा रडता रडता फिसकन हसली. मला मात्र तीस वर्षांनी कळलं, की माझ्या घरात एक बाई महिनाभर एकटीच घाबरून होती, आणि मी ड्युटीवरून येऊन भाजीत मीठ कमी म्हणत होतो.

मग रोज आंघोळ झाली की शेवंता बाळ रेखाच्या छातीवर ठेवायची. "माया नको करू. नुसत्या शिव्या दे." रेखा लाजत लाजत शिकली. आधी 'बदमाश', मग 'टकले', मग तर आईच्याही पुढं गेली.

सव्वा महिन्यानं एकदा मी बाजारातून आलो आणि बाळ उचलायला वाकलो. रेखा खेकसली, "बाबा! हात लावू नका! आधी साबणानं धुवा!"

शेवंता लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जा, धुवा. झाली माय."

मी नळावर गेलो. हात धुतले. मग तोंडही धुतलं.