मडक्याखालचा धर्मपालमामा

माझा धर्मपालमामा कमी बोलतो, म्हणून त्याची नक्कल सगळ्यात अवघड. आधी घसा खाकरायचा, मग "पाहू" म्हणायचं, अन् गप्प बसायचं. झाला मामा. पण त्याचं "पाहू" म्हणजे ठरलं, हे आमच्या बोरी अरब गावात सगळ्यांना ठाऊक आहे. "पोरगी पसंत हाय काय?" विचारलं तेव्हाही तो "पाहू"च म्हणाला होता. सत्यभामामामी ते अजून विसरलेली नाही.

मामा तळ्यात मासे धरतो. हिवाळ्यात तिथं थापटी बदकं उतरतात, पार हिमालय ओलांडून. चोच चमच्यासारखी चपटी. ती पाण्यात खुपसून कळप गोल गोल फिरतो, पाणी गाळतो अन् बारीकसारीक जीव खातो. यंदा एक मादी कळपाबाहेर बसलेली मामाला दिसली. चोचीला हिरव्या नायलॉनचा वेढा. हिरव्या दोऱ्यानं जाळं सांधणारा तळ्यावर मामा एकटाच. मागे त्याचं जाळं बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला अडकून फाटलं, तेव्हा अर्धं त्यानं पाण्यातच सोडलं होतं.

"माहाच दोरा हाय," तो म्हणाला. "उपाशी मरन ते."

"अवो, एवढी बदकं हायेत तिथं!" मामी म्हणाली.

"पाहू."

मामा टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून गेला, तर कळप भर्रकन उडाला. मग त्याला त्याच्या आजोबाची युक्ती आठवली. आजोबा खाण्यासाठी बदकं धरायचा. मडकी पाण्यावर उपडी सोडून द्यायची. बदकं आधी बिचकतात, मग त्यांना सवय होते. मग एके दिवशी एका मडक्याखाली माणूस असतो.

बंजारा तांड्यावरचे नेमसिंगभाऊ तळ्यावर म्हशींना पाणी पाजायला येतात. त्यांचा प्रत्येक शब्द म्हशीसारखाच सावकाश निघतो. "काऽ बे धर्मपाऽल, तळ्यात कुंभारवाडा टाकून राह्यला काऽय?"

मामा एकेक मडकं पाण्यात सोडत राहिला. सवय होऊन बदकं मडक्यांत मिसळली, तसा तो डोक्यावर मडकं घालून गळ्याइतक्या गार पाण्यात शिरला. मादी हातभर अंतरावर आली अन् मामा शिंकला. मडक्यातली शिंक कशी असते, ते मी तांब्यात तोंड घालून अगदी हुबेहूब काढते. कळप गायब.

"अरे याडी!" नेमसिंगभाऊंनी आपल्या बोलीत आईला हाक मारली, काठावर लोळायचेच बाकी होते. "मडकंऽ शिंकलं!"

"निमोनिया होईन तवा बदक येईन काय पाय दाबाले?" मामी ओरडली.

मामानं नाक पुसलं. "उद्या जातो."

दुसऱ्या सकाळी मामीनं शिव्या देत देत त्याच्या छातीला तेल चोळलं अन् समोर आपला उन्हाळ्याचा मोठा माठ ठेवला. "यात श्वास घ्याले जागा हाय. माहा माठ फुटला तं घरी येऊ नका." अन् डोळ्यांसाठी दोन भोकं तिनंच खिळ्यानं पाडली होती!

सगळी मडकी वाऱ्यानं एकीकडे सरकत होती. माठ तेवढा वाऱ्याविरुद्ध चालला होता. नेमसिंगभाऊंनी म्हशीच्या गळ्यातली घंटी मुठीत धरली. मादीजवळ माठ थांबला. एकदम पाणी उसळलं, कळप उडाला, अन् माठाखालून दोन हात वर आले. हातात मादी!

मामीनं तिला पदरात गुंडाळून ब्लेडनं दोरा कापला. "कायचं वजन हो हिचं! नुसती पिसं."

"वैनी, मसाला वाटला काऽय?"

"तुमच्या म्हशीचा वाटते!"

सोडल्यावर मादी अंग झाडत आत गेली अन् चोच पाण्यात घालून एकटीच गोल फिरू लागली. काठावर आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मामानं मात्र दोराचं एक टोक कमरेला बांधलं, विळा घेतला अन् पुन्हा पाण्यात पाय टाकला.

"आता काय राह्यलं तुमचं?"

"जाळं. खुंटाले हाय अजून."

मामीनं एक सणसणीत शिवी हासडली. ती इथं लिहिता येत नाही, भेटलात तर करून दाखवीन. मग तिनं पदर खोचला अन् दोराचं दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं.