एक हात वीज

वीज पाळणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात, आमच्या कॉलनीत एकानं तर मुंगूस पाळलं होतं; पण बैठ्या घराच्या मागच्या खोलीत विजेला वाढवणारे, तिची उंची मोजणारे आणि ती बोटभर वाढली की गल्लीत पेढे वाटणारे आमचे व्याही एकटेच. तारखात्यातल्या नोकरीत त्यांची उमेदीची वर्षं इगतपुरीला गेली. पावसाळ्यात घाटातल्या तारांवर वीज कोसळायची, ऑफिसातली बाकीची मंडळी खुर्च्या मागे सरकवायची आणि हे खिडकीशी जाऊन उभे राहायचे. "ती फार घाईत असायची हो, धड बघूच द्यायची नाही," असं ते एकदा मला म्हणाले. बोलण्यात तक्रार नव्हती, ओढ होती. तेव्हा निवृत्त झाल्यावर त्यांनी तिला घरीच आणायचं ठरवलं, म्हणजे निवांत बघता येईल.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सोयरीक ठरत आली आणि रिवाजाप्रमाणे आम्ही नवरा-बायको मुलाचं घर पाहायला गेलो. पोहे झाले, चहा झाला आणि व्याही मला म्हणाले, "चला, आता खरं घर दाखवतो." मागच्या खोलीत भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केलेला. टेबलावर दुधीभोपळ्याएवढा काचेचा व्हॉल्व्ह होता. जुन्या रेडिओत बोटाएवढे व्हॉल्व्ह असायचे, त्यांचा हा खापरपणजोबा. तो त्यांना भद्रकालीच्या जुन्या बाजारात सापडला, तेव्हा भंगारवाल्यानं दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीशेजारी टांगून ठेवला होता. "काका, बल्ब मोठा हाय पण पेटत नाय," असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलंही. व्याह्यांनी तो विहीणबाईंच्या शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन सिटी बसमधून घरी आणला होता. व्हॉल्व्हशेजारी एक पाईप उभा होता. त्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळलेली, आणि टोकावर शिवणाच्या मशीनची सुई. दाराशी पाटावर, पायात रबरी चपला घालून विहीणबाई उभ्या. त्यांचा हात मेन स्विचवर. या घराचा तो नियमच होता: स्विच विहीणबाईंनीच लावायचा, त्यांनीच बंद करायचा, आणि त्या पाटावर नसतील तर खोलीत कुणी तारेला बोटही लावायचं नाही.

"एक हात खिशात ठेवा," व्याही म्हणाले. "दोन्ही मोकळे असले की त्यातला एक चुकतो." दुसऱ्या हातात त्यांनी मला सुटी ट्यूबलाइट दिली. विहीणबाईंनी स्विच लावला. व्हॉल्व्ह आतून नारिंगी झाला, खोली गुणगुणायला लागली आणि सुईच्या टोकावर जांभळी ज्वाळा सरळ उभी राहिली. ती पडत नव्हती, पळत नव्हती, जागच्या जागी सळसळत होती. पावसापूर्वी मोकळ्या माळावर येतो तसला एक तीव्र वास खोलीत भरला. आणि माझ्या हातातली ट्यूब, जिला कुठली तार नाही की काही नाही, ती लख्ख पेटली. मला पळून जावंसं वाटत होतं. पण वरपित्यासमोर वधूपित्याला ट्यूबलाइट टाकून पळता येत नाही. पुढं भीती गेली आणि मी नुसता बघत राहिलो. देवळातसुद्धा माझं मन इतकं कधी गप्प झालेलं नाही.

रिक्षात बायकोनं विचारलं, "मुलगी द्यायची का या घरात?" मी म्हटलं, "द्यायची. ज्या घरात नवऱ्याचा जीव बायकोच्या हातात असतो आणि दोघांना ते माहीत असतं, तिथं मुलगी सुखात राहील." तशी ती राहिलीही.

तेव्हा ती ज्वाळा जेमतेम चार बोटं होती. व्याह्यांना ती हातभर करायची होती. हात म्हणजे आपला जुना हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मोजायला फूटपट्टी नव्हती, स्वतःचा हात लांबूनच समोर धरायचे. "एकदा हातभर झाली की मी मोकळा," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की माझाही जीव त्यात अडकला. लग्नात मानपानाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नको. पीव्हीसीचा जाड पाईप मिळाला सरळसा, तर बघा." आमच्या हिनं तो रुखवतात मांडला, जरीची लेस गुंडाळून, चिरोट्यांच्या आणि विणलेल्या बदकांच्या मधोमध. पाहुण्या बायका येऊन विचारायच्या, हे काय हो? आणि विहीणबाई अभिमानानं सांगायच्या, "यांचं आहे ते."

त्या पाईपवर नवरा-बायकोनं मिळून तार गुंडाळली. विहीणबाई पाईप फिरवायच्या, हे तार धरायचे, आणि एक वेढा दुसऱ्यावर चढला की सगळं उलगडून पहिल्यापासून. दिवाळीचा फराळ त्या वर्षी विकत आणला, यावरून कामाचा अंदाज यावा. पुढच्या खंडेनवमीला मात्र घात झाला. घरातली हत्यारं-अवजारं पुजायची म्हणून विहीणबाईंनी विळी पुजली, शिवणाचं मशीन पुजलं आणि मोठ्या भक्तिभावानं त्या नव्या कॉइललाही ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर स्विच लागला आणि वीज सुईकडे न जाता त्या कुंकवाच्या वाटेनं खाली उतरली. तार जळाली, पाईप काळा पडला. विहीणबाई पाटावरच रडायला लागल्या. व्याही वाकून जळकी रेघ न्याहाळू लागले. मग म्हणाले, "बघ, तुझं कुंकू तिनं मानलं. सरळ बोटांच्या खुणेवरून गेली." आणि त्यांनी तार उलगडायला घेतली. पुढच्या वर्षीपासून कुंकू टेबलाच्या पायाला लागायचं.

शेजाऱ्यांचा त्रास वेगळाच होता. इकडे वीज उभी राहिली की तिकडे गल्लीतल्या टीव्हींवर मुंग्या नाचायच्या. शेजारणी मालिकेच्या ऐन वेळी तणतणत यायच्या. शेवटी तोडगा निघाला की यंत्र फक्त जाहिरातींत लावायचं. पलीकडच्या खिडकीतून हाक यायची, "काकू, लागल्या जाहिराती," की विहीणबाई स्विच लावायच्या. "काकू, आली मालिका," की बंद. असं तुटक चालवताना व्याह्यांच्या ध्यानात आलं की विश्रांतीनंतर पहिल्या क्षणी ज्वाळा सगळ्यात उंच जाते. झालं. त्यांनी वर्षभर खटपट करून एक सर्किट जमवलं. ते क्षणाक्षणाला वीज तोडायचं आणि पुन्हा द्यायचं. गुणगुण गेली, टकटक सुरू झाली, व्हॉल्व्हही कमी तापायला लागला आणि ज्वाळा वाढत वाढत, कोपरापासून मोजली तर तळहात ओलांडून गेली. फक्त बोटं उरली होती. माझी खात्री होती की येत्या दसऱ्याला हातभर होणार. मी पेढ्यांचं सांगूनही ठेवलं होतं.

त्या पावसाळ्यात विहीणबाई ओट्यावर चक्कर येऊन पडल्या. हृदयाचे ठोके मधेच थांबत होते. डॉक्टरांनी छातीत कातडीखाली पेसमेकर बसवला. घरी सोडताना मोबाइल कुठल्या कानाला लावायचा वगैरे सूचना चालू असताना व्याह्यांनी आपल्या यंत्राचं सांगितलं. डॉक्टर हातातलं पेन ठेवून ऐकत राहिले. सगळं ऐकून म्हणाले, "काका, ते यंत्र आणि हे यंत्र एका घरात चालायचं नाही."

आम्ही सगळ्यांनी तोडगे सुचवले. जावई म्हणाले, सिन्नरला मित्राची शेड आहे, तिकडे हलवू. मी म्हटलं, पाटावर मी उभा राहीन. व्याही हसले. "तुम्ही बघत बसाल, व्याहीबुवा. स्विच बंद करायचं तुमच्या लक्षात राहायचं नाही." हे खरंच होतं. विहीणबाई म्हणाल्या, "मी तेवढा वेळ त्र्यंबकला जाऊन येते. बोटं तेवढी राहिलीत हो. माझ्यामुळे राहिलं, हे मला जन्मभर ऐकायचं नाही."

"तुला कोण ऐकवतंय? मी तर नाही ऐकवणार."

"तुम्ही न बोलता ऐकवता," विहीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांनी भंगारवाल्याला बोलावलं आणि ट्रान्सफॉर्मर, कॉइल, तो व्हॉल्व्ह, सगळं विहीणबाईंच्या देखत हातगाडीवर चढवलं. मला कळलं तेव्हा मी चिडून गेलो. म्हटलं, निदान ठेवायचं तरी होतं. ते म्हणाले, "ठेवलं असतं तर ती रोज त्याच्याकडे बघून झुरली असती." त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज साफ होता.

नंतर कधीही गेलो तरी दोघं संध्याकाळी दारच्या ओट्यावर बसलेली दिसायची आणि व्याह्यांची बोटं विहीणबाईंच्या नाडीवर असायची. "बघा तरी," मला म्हणायचे, "एवढीशी वीज, दिसतसुद्धा नाही, आणि अख्खं माणूस चालवते." पहिल्या दिवशी त्या अंधाऱ्या खोलीत मी जसा बघत राहिलो होतो, तसे ते तिच्याकडे बघायचे. विहीणबाई लाजून हात काढून घ्यायच्या, आणि थोड्या वेळानं आपणच पुढे करायच्या.

व्याही गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. ते झोपेतच गेले. विहीणबाई बऱ्या आहेत. डॉक्टर म्हणतात, यंत्र उत्तम आहे, बरीच वर्षं काळजी नाही. परवा मी गेलो तर एकट्याच ओट्यावर बसल्या होत्या. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून, मान जराशी बाजूला वळवून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, नीट चाललंय."