दोन लेकरांचा बाप

पोरीला कडेवरून खाली सोडण्याआधी तो उजव्या हाताचा तळवा जमिनीवरून फिरवायचा. सगळी खोली, भिंतीच्या कडेकडेनं, मशिनीच्या खालून. सुई सापडली की ती सदऱ्याच्या कॉलरला टोचायची आणि मग पोरीला म्हणायचं, "हां, आता जावा तुमच्या राज्यात."

पोरगी दोनेक वर्षांची. तिचं राज्य म्हणजे चिंध्यांचा ढीग, गुंड्यांची एक पोचे पडलेली डबी आणि कोपऱ्यातला पाळणा. पाळण्यात तिचा भाऊ. तो इतका नवा होता की त्याला अजून नावसुद्धा नव्हतं.

घरात बाई नव्हती.

आम्ही तेव्हा जळकोटला होतो. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, शाळा उर्दूतून मराठीत आल्या होत्या आणि अशाच एका शाळेवर ह्यांची बदली झाली होती. हमरस्त्याच्या कडेचं गाव. आमच्या भिंतीला भिंत लावून त्याचं घर. पुढच्या खोलीत शिलाईचं मशिन, मागच्या खोलीत चूल. गाव त्याला टेलर म्हणायचं, मी टेलरभाऊ म्हणायची.

त्याची बायको सडपातळ, हसरी. काजं-बटनं तीच करायची. पोटुशी असतानाही मांडीवर सदरा घेऊन उंबऱ्यात बसलेली मी तिला कितीदा पाहिली. मुलगा झाला, बारशाचं ठरत होतं, तेवढ्यात तिला ताप भरला. सुईण म्हणाली, वारं लागलं. शेक दिला, काढे दिले. तिचं अंग गार पडलं ते ती गेल्यावरच.

दिवसपाणी झालं तसे पाहुणे पांगले. मागं राहिली त्याची थोरली बहीण. ती भूमजवळच्या ईटला दिलेली, घरची शेती बरी, पण मूलबाळ नव्हतं. अंगणात उभी राहून ती त्याला म्हणाली, "धाकटं मला दे. बाप्याच्या हातून तान्हं लेकरू जगत न्हाय."

"न्हाय आक्का. लेकरं हितंच ऱ्हातील. हुईल की."

'हुईल की' हा त्याचा शब्द. दसऱ्याला आठ दिवस उरलेत आणि कापड आज आणलंय, तरी "हुईल की". कापड कमी पडतंय, "हुईल की". आम्ही त्या शब्दाला हसत असू. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तो लेकरं कशी सांभाळायचा ते बघायला हवं होतं तुम्ही. पाळण्याची दोरी त्यानं मशिनीच्या पायट्याला बांधली होती. पाय चालू असला की शिलाईही चालायची आणि पाळणाही. पण पाय थांबला की पाळणा थांबे आणि आतून रडणं सुरू होई. त्यामुळं कापड बदलतानासुद्धा तो नुसतंच रिकामं मशिन हाकत राहायचा. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, काय काम आहे ह्या माणसाकडं!

पोरीला पाळण्याचा राग होता. ती दोरीला लोंबकळायची, "मला पन झोका" म्हणून पाय आपटायची. बाळाच्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबायची, आणि त्याच्या वाटीतलं दूध पिऊन वाटी पालथी करून ठेवायची. एकदा गावच्या पाटलांचा नवा कोट शिवून घडी घालून ठेवला होता. हिनं तो ओढत नेऊन भावाच्या अंगावर पांघरला. भावानं आपलं काम केलं. त्याच वेळेला पाटील दारात.

"काय रं, झाला का कोट?"

"झालाय की. जरा वाळाया टाकलाय."

"शिवलेला कोट वाळवत्यात व्हय?"

"नव्या तऱ्हेचा हाय, पाटील," तो म्हणाला. पाटलांनी पाळण्याकडं पाहिलं, कोटाकडं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी येतो म्हणून गेले. पाटलांनाही लेकरं होती.

ओढ्यावर बाळोती धुवायला तो जायचा तेव्हा बाया तोंडाला पदर लावायच्या. एकजण म्हणाली, "टेलर, लुगडं बी नेसा की आता." त्यानं बाळोती पिळता पिळता सांगितलं, "कापड आणून द्या, शिवून बघतो." बाया हसल्या. पण हळूहळू त्यांनी धुण्याचा सपाट दगड त्याच्यासाठी मोकळा ठेवायला सुरुवात केली.

सगळ्यात अवघड गोष्ट दुधाची. त्यानं शेळी आणली. शेळीचं दूध बाळाला पचेना. पाजलं की गुळणी, आणि मग ते बारीक, तुटक रडणं. भिंतीपलीकडून ते आम्हाला दिवसभर ऐकू यायचं. माझा वसंता तेव्हा सहा-सात महिन्यांचा होता. भिंतीतून रडणं आलं की माझी चोळी भिजायची. सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या. त्यांच्यासमोर विषय काढायची माझी छाती नव्हती. एका दुपारी त्याच जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "जा, घेऊन ये ते लेकरू. मला ऐकवत नाही."

तेव्हापासून तो सकाळ-दुपार-संध्याकाळ बाळाला दारात आणून द्यायचा आणि पाठ फिरवून अंगणात बसायचा. मांडीवर पोरगी. एके दिवशी मी आतून तिचं बोलणं ऐकलं.

"आई कुटं गेली?"

"गावाला गेली, माय."

"बाळाला आईकडं पाटीव. आईला हिकडं आन."

मग तो म्हणाला, "गाडी न्हाय ना आज." तेवढंच. पोरगी रोज विचारायची, आज गाडी आहे का. रस्त्यावरून मोटारी तर सारख्या जायच्या. त्यांतली एकही तिच्या आईच्या गावची नसायची.

बाळानं बाळसं धरलं. ते हसायला लागलं तेव्हा टेलरभाऊंनी मला हाक मारून बोलावलं. "बाई, बघा तर, हे हसतंय का नुसतं तोंड वाकडं करतंय?" हसतच होतं. साऱ्या गल्लीचं लक्ष त्या एका लेकरावर होतं. कुणी जायफळ उगाळून आणायचं, कुणी काजळ. पोरगी बापाच्या धोतराचा सोगा धरून हे बघत उभी राहायची. ती चालती-बोलती, भाकरी खाणारी. तिची काय काळजी, असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

पण त्याला तिची आठवण होती. उरलेल्या छिटाचा त्यानं तिला परकर शिवला. खाली शिलाईच्या आत कापड भरपूर दुमडलेलं. मी म्हटलं, "एवढी माया सोडलीत भाऊ?" तो म्हणाला, "पोरीची जात, लवकर उंच हुती. दोन-तीन वर्सं बघाया नको."

उन्हाळ्यात गावात गोवर आला. ज्याच्या त्याच्या दारावर लिंबाचे डहाळे दिसू लागले. पोरीला ताप भरला, अंगावर पुरळ उठलं. त्यानं धाकट्याला उचललं आणि आमच्या दारात आला. आत मात्र आला नाही. "बाई, ह्याला चार दिस ठिवा. तुमच्या लेकराला काय व्हायचं असंल तर नगं."

आमचे हे काही बोलायच्या आत सासूबाईंनी हात पुढं केले.

ते दिवस तो मशिनीवर बसलाच नाही. भिंतीपलीकडून पहिल्यांदाच मशिनीचा आवाज बंद झाला. तिला मांडीवर घेऊन तो लिंबाच्या पाल्यानं वारा घालत असायचा. तिला डोळे उघडवत नव्हते. मधेच विचारायची, "बाळ कुटं?" जिला ते घरात नको होतं, तीच आता त्याला मागत होती. तिला वाटलं असावं, आपण म्हणत होतो म्हणून त्याला खरंच पाठवून दिलं. शेवटी त्यानं मला सांगितलं आणि मी बाळाला घेऊन अंगणात लांब उभी राहिले. त्यानं तिला दारात उभ्यानं धरलं. "ते बघ, हाय का न्हाय? कुटं बी गेलं न्हाय."

तिनं पाहिलं की नाही कोण जाणे. मान बापाच्या खांद्यावर पडली होती.

पुरळ मावळलं, लोक म्हणाले, सुटली. पण मग धाप सुरू झाली. छातीचा भाता वर-खाली व्हायचा. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, देवीचं आहे, औषध देऊ नये. आमच्या ह्यांनी सांगितलं, "ऐकू नका कुणाचं. नळदुर्गच्या दवाखान्यात न्या." तोही तेच म्हणत होता. पोरीला दुपट्यात गुंडाळून तो सकाळी रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मोटार यायला वेळ होता, म्हणून त्यानं एका ट्रकला हात केला. ट्रकवाला शीख होता, भाषा कळेना, पण पोरीकडं बघून त्यानं दार उघडलं.

दुपारी मी बाळाला घेऊन उंबऱ्यात बसले होते. तो रस्त्यावरून येताना दिसला. पोरगी खांद्यावर, दुपट्यात. उन्ह डोक्यावर आलेलं. रस्त्याच्या एका कडेला झाडांची सावली होती, पण तो उन्हातूनच चालत होता, आणि तिच्या डोक्यावर त्यानं हाताचा आडोसा धरला नव्हता. तेवढ्यावरून मला कळलं.

दवाखान्याची पायरी चढायच्या आधीच ती गेली होती.

तो माझ्यासमोर येऊन थांबला. बाळाकडं पाहिलं आणि विचारलं, "ह्याला पाजलंत का?"

मी मान डोलावली. मग तो आपल्या घरात गेला आणि सासूबाई मोठ्यानं रडू लागल्या. त्यांना असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पोरीला तोच परकर नेसवला होता. आत दुमडलेली माया तशीच राहिली.

त्यानंतर तो माणूस भ्यायला. दुसरा शब्द मला सापडत नाही. बाळ शिंकलं तरी दारात यायचा. बाळ झोपलं की नाकापुढं बोट धरून बघायचा. हातातलं काम पुरं होईना. गिऱ्हाइकाला आता 'हुईल की' म्हणत नसे, 'बघू' म्हणे. काही दिवसांनी ईटहून बहीण आणि तिचा नवरा आले. ह्या वेळी तिनं काही मागितलं नाही. त्यानंच विषय काढला.

"आक्का, न्हे ह्याला."

बहिणीनं पदर डोळ्यांना लावला. तिचा नवरा कडक माणूस होता, पण वाईट नव्हता. तो म्हणाला, "नेतो. पण मी सरळ बोलतो, राग मानू नका. न्यायचं तर कायमचं. आमचं म्हणून वाढवायचं. उद्या पोरगं मोठं झालं आन् तुमी म्हनला, मी बाप हाय, तर हिचं काळीज फाटंल. त्याला कळता कामा न्हाय."

तो खाली बघत होता. मी आमच्या दारातून ऐकत होते. मला वाटलं, आता हा भांडेल, चालते व्हा म्हणेल. तो म्हणाला, "व्हय दाजी. बरुबर हाय."

"बोल दिलात?"

"दिला. जगू द्या फकस्त."

बाळाला मोटारीत देण्याआधी तो त्याला माझ्याकडं घेऊन आला. मी शेवटचं पाजलं. ह्या खेपेला तो पाठ फिरवून बसला नाही, भिंतीशी कपाळ टेकून उभा राहिला. मग त्यानं लेकरू बहिणीच्या ओटीत ठेवलं, मोटार गेली, आणि तो घरी येऊन मशिनीवर बसला. पायट्याला बांधलेली दोरी त्यानं सोडली नव्हती. त्या संध्याकाळी मशिन चाललं आणि रिकामा पाळणा हलत राहिला. सासूबाई उठल्या, त्याच्या घरात गेल्या आणि दोरी कात्रीनं कापून परत आल्या.

पुढं आमची बदली झाली. सासूबाई गेल्या. वसंता शाळेत जाऊ लागला. तुळजापूरला बिऱ्हाड असताना नवरात्राच्या गर्दीत, मोटारींच्या अड्ड्यावर मला तो दिसला. केस पांढरे झाले होते. शेजारी बहीण, तिचा नवरा, आणि वसंताहून थोडा लहान एक मुलगा. गोरटेला, उभट, थेट त्या काजं-बटनं करणाऱ्या बाईचा चेहरा. अंगात नवा सदरा होता. सदरा सुरेख शिवलेला, पण बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या होत्या.

"मास्तरीणबाई!" त्यानं ओळखलं. बहिणीनं मला पाहून मुलाचा हात घट्ट धरला.

"दर्शनाला आलो हुतो," तो म्हणाला. "वर्साकाठी हितंच भेटतो समदी." मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही अशा बेतानं त्यानं हात उचलून परत खाली घेतला. "हा आक्काचा पोरगा. भाचा माझा." पुढं म्हणाला, "सदरा म्याच शिवलाय. अंदाज चुकला. लई वाढतंय."

"मामा, भूमची गाडी लागली!" मुलगा ओरडला.

"बाईंच्या पाया पड आदी."

तो वाकला. माझ्या पायांना त्याचे हात लागले. "मोठा हो," एवढंच तोंडातून निघालं. बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती आणि मला तिचाही राग आला नाही.

ती तिघं गाडीत बसली. तो खिडकीखाली उभा राहिला. मुलगा त्याला शाळेतलं काहीतरी भरभरून सांगत होता आणि हा "व्हय का? व्हय का?" करत होता. गाडी सुटली. धुरळा उडाला. मुलानं खिडकीतून आखूड बाहीचा हात लांबवर बाहेर काढला आणि हलवत राहिला. समोरून दुसरी मोटार येत होती.

"हात आत घे रं!" गाडीमागं धावत तो ओरडला. "हात आत घे!"