रिव्हॉल्वरचा परवाना आणि घरातलं पोस्टकार्ड

रिव्हॉल्वरच्या परवान्याचा एक अर्ज माझ्या ठाण्यात एकेचाळीस दिवस अडकून पडला होता. उशिराबद्दल मला वरून मेमोही आला. खून-दरोड्यांची कितीतरी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत, पण हा अर्ज मात्र तारीखवार आठवतो.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी तंजावूरला सब-इन्स्पेक्टर होतो. रिव्हॉल्वर घ्यायचं तर अर्ज कलेक्टर कचेरीत करायचा. तिथून तो चौकशीसाठी ठाण्यात येई. आम्ही गुन्ह्यांच्या नोंदवह्या पाहायच्या, शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे, जमीन खेड्यात असेल तर तिथल्या मुनसीफाचा, म्हणजे गावच्या पाटलाचा, अहवाल मागवायचा आणि शेवटी शिफारस लिहायची.

अर्जदार राजवाड्यामागच्या गल्लीत राहत. आमच्यासारखंच मराठी घर. वय एकसष्ट, अकरा मैलांवर भातशेती. माझ्या वडिलांचे ते स्नेही, म्हणून मी त्यांना काका म्हणत असे. ओळखीच्या माणसाची चौकशी दुसऱ्या कोणाकडे द्यावी, असं मी इन्स्पेक्टरसाहेबांना सुचवलं. ते म्हणाले, "या गावात तुमच्या ओळखीचा नसलेला एक मराठी माणूस दाखवा, मग बघू."

अर्जाचं कारण होतं परसात शिरणारे चोर. मद्रासच्या दुकानदाराने एक रिव्हॉल्वर काकांसाठी बाजूला काढून ठेवलं होतं आणि तो दोनच महिने थांबणार होता. त्यामुळे काका दर तीन-चार दिवसांनी घोड्याच्या जटक्यातून ठाण्यात येत.

"काय रे, माझी फाईल उबवतोयस काय? पिल्लं निघाली की सांग!"

"मुनसीफाचा अहवाल यायचाय, काका."

"तुझा बाप असता तर एका दिवसात सही केली असती."

"बाबा शाळामास्तर होते, काका. त्यांची सही चालली नसती."

शिपाई हसत. काकाही हसत आणि जाताना शिपायाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरत. वयाचा मान म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही.

मुनसीफाच्या अहवालाला एकोणीस दिवस लागले. पाठोपाठ मला एका जत्रेच्या बंदोबस्तावर पाठवलं, त्यात चौदा दिवस गेले. परत आलो तेव्हा सगळे कागद तयार होते. गुन्हे शून्य. सहा शेजाऱ्यांचे जबाब, सहाही उत्तम. फक्त माझी सही बाकी होती.

रायटर, म्हणजे ठाण्यातला लेखनिक हवालदार, म्हणाला, "सार, तुमच्या नावाचं एक कार्डही आलंय. अक्षरं आमची तमिळच आहेत, पण वाचलं तर कुठल्या भाषेतलं ते समजत नाही. कोणी वेडा असेल." कार्डाच्या कोपऱ्यावर त्याने शेराही मारला होता, 'मजकूर अनाकलनीय'.

मी वाचलं आणि उठून उभा राहिलो. आमच्या घरांतून मराठी बोलतात, पण बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर फार थोड्यांना येतं. म्हणून खासगी पत्र लिहायचं तर मराठी मजकूर तमिळ अक्षरांत लिहायची रीत आहे. पोस्टमन, रायटर, शिपाई या सगळ्यांच्या हातून जाऊनही एकट्या मलाच कळावं, अशा बेताने ते कार्ड लिहिलेलं होतं. त्यात दोनच ओळी होत्या.

'मोठ्या घरी बंदूक देवूं नका. पहिली गोळी घरच्यासच लागेल.'

खाली नाव नव्हतं. आमच्या लोकांत 'मोठं घर' म्हणजे काकांचंच. मी रायटरला काही बोललो नाही. त्याचा शेराही खोडला नाही. हाताखालच्या माणसाची चुकीची नोंद मी जाणूनबुजून तशीच ठेवली, ती तेवढी एकच. लिहिणाऱ्या व्यक्तीला द्यायला त्याहून चांगलं संरक्षण माझ्याकडे नव्हतं.

बापलेकांचा जमिनीवरून तंटा असावा, असा माझा पहिला तर्क होता. तो साफ चुकला. काकांचा एकुलता एक मुलगा शिक्षण खात्यात कारकून होता. त्याला बोलावून मी दोन तास बसवलं.

"तुमचे अप्पा तापट आहेत?"

"मुंगीसुद्धा मारली नाही त्यांनी."

"वाटणीवरून काही?"

"वाटणी कोणाशी करू? मी एकटाच आहे."

"मग बंदुकीची भीती कोणाला?"

उठता उठता त्याने हळूच विचारलं, "परवाना नाकारता येतो का?" आणि लगेच म्हणाला, "मी असं विचारलं, हे अप्पांना कळू देऊ नका."

मग मी काकांच्या जुन्या तक्रारी काढल्या. सात महिन्यांत पाच. पाचही वेळा परसात माणूस दिसला, पाचही वेळा दिवेलागणीला. 'चोरीस गेलेला माल' या रकान्यात पाचही ठिकाणी 'काही नाही'. अर्जाला वजन यावं म्हणून काका चोर रचून सांगतात, असं मी ठरवलं. हा माझा दुसरा चुकीचा तर्क.

त्यांना खोटं ठरवायलाच मी त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील, चांगला उजेड होता. आम्ही मागच्या पडवीत बसलो होतो. चोर कुठून येतात ते सांगता सांगता काका एकदम ताठ झाले आणि त्यांनी भिंतीशी टेकवलेली काठी उचलली.

"बघ! तो बघ विहिरीपाशी! आता तरी लिहिशील की नाही?"

विहिरीपाशी त्यांची सून उभी होती. तिच्या कमरेवर घागर होती. काठी वर गेलेली पाहताच ती जागच्या जागी थिजली, ओरडली मात्र नाही. अशा वेळी हलायचं नाही हे तिला ठाऊक असावं. तिच्या कपाळावर, भुवईच्या वर, जेमतेम भरलेली जखम होती.

"मामंजी, मीच," ती म्हणाली.

काठी खाली आली. नंतर मी पावलं मोजली. पडवीपासून विहीर पंधरा पावलं होती.

सून आत गेल्यावर मी विचारलं, "काका, किती दिवस झाले?"

"काय किती दिवस?"

"दिसेनासं होऊन."

ते काठी कुरवाळू लागले. "दीड वर्ष," ते म्हणाले. "दिसत नाही म्हटलं की लोक आधी किल्ल्या काढून घेतात रे. मग जेवायला हाताला धरून नेतात. आणि परसात खरंच माणसं दिसतात मला. भीती वाटते."

गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहा शेजाऱ्यांपैकी एकही खोटं बोलला नव्हता. आम्ही वर्तन कसं आहे विचारलं, त्यांनी वर्तन सांगितलं. डोळ्यांचं कोणी विचारलं नव्हतं, आणि वडीलधाऱ्याचं उणं आपण होऊन सांगायचं नाही, ही आमच्यातली रीत.

नेत्रवैद्याचा दाखला येईपर्यंत परवाना देऊ नये, असं मी लिहिलं. बेचाळिसाव्या दिवशी फाईल वर गेली. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. दाखल्यासाठी मात्र ते सरकारी दवाखान्यात गेले आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना दिवसच्या दिवस उताणं निजावं लागलं.

पुढे एके सकाळी ते जाड भिंगांचा चष्मा लावून ठाण्यात आले. पायऱ्या स्वतःच्या स्वतः चढले. मला निरखून म्हणाले, "तू एवढा काळा होतास होय रे? मी इतके दिवस तुला उजळ समजत होतो."

मग त्यांनी खिशातून कागद काढला. अर्ज मागे घेत असल्याचं त्यावर लिहिलं होतं.

"चष्मा लागल्यावर पहिल्यांदा सुनेचं तोंड नीट पाहिलं," ते म्हणाले. "कपाळाला काय झालं विचारलं. म्हणाली, दार लागलं." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "आमच्या घरात त्या उंचीला लागेल असं दार नाही."

मी कागद दाखल करून घेतला, शिक्का मारला. सुटलो असं मला वाटलं, आणि त्यांनाही तसंच वाटलं असावं.

उशिरामुळे एक जीव वाचला, असं काही जण मला म्हणतात. ते श्रेय मी घेत नाही. एकेचाळीसपैकी तेहतीस दिवस ढिलाईचे आणि योगायोगाचे होते. खरी चौकशी आठच दिवस झाली, आणि तीही दोन ओळींच्या एका कार्डामुळे. त्या कार्डाबद्दल मी त्या घरात कधी अवाक्षर काढलं नाही. पुढे मात्र परवान्याचा कुठलाही अर्ज आला की शेजाऱ्यांकडे जाण्याआधी मी अर्जदाराच्या घरी जाऊन बसू लागलो. त्या घरात सगळ्यांत कमी कोण बोलतं ते पाही, आणि पहिला प्रश्न त्याला विचारी.