नाल्याशी थांबलेले देवाजीमामा

विमानतळावरच्या गर्दीत देवाजीमामा वाकले आणि माझ्या पाया पडले. आमच्या गोंदियाकडे मामाच भाच्याच्या पाया पडतो. पण भोवतीचे इंग्रज थबकून पाहत होते. मी संकोचलो.

"लाजून काऊन राहिला, बापू? देश बदलला म्हणून तू भासा नाही राहिला का?"

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, चिचगडचे धानाचे शेतकरी. मामी गेल्यावर त्यांना घरात करमेना, म्हणून मळणी उरकल्यावर मी त्यांना महिनाभर बोलावून घेतलं होतं. इंग्रजीचा गंध नव्हता. दुकानदार असो, टपालवाला असो, सगळ्यांशी झाडीबोलीच. शेजारच्या गोऱ्या आजींना रोज विचारत, "जेवली का, बाई?" त्याही हसून मान हलवत.

एका शनिवारी मी त्यांना उत्तरेकडच्या डोंगरांत नेलं. सकाळपासून पाऊस. एका गाडीपुरता रस्ता, दोन्हीकडे दगड रचून केलेले बांध, चढावर भिजलेल्या मेंढ्या. मामा सारखी काच पुसून पाहत. "येवढं गवत! अन् राखाले एक माणूस नाही!"

एका उतारावर रस्ता सरळ नाल्यातूनच पलीकडे जात होता. पूल नव्हता. काचेला चिकटवलेलं रस्ता सांगणारं यंत्र 'पुढे चला' म्हणत होतं, आणि पलीकडच्या गावात मित्र जेवायला खोळंबला होता. मी गिअर टाकला.

"थांब."

"मामा, घोट्याइतकंच तर पाणी आहे."

"थांब म्हणलं ना! पाणी गढूळ झालं, काड्या वाहून राहिल्या. वरतं जोरात पडून राहिला."

ते तसेच पावसात उतरले. तेवढ्यात पलीकडून एक गाडी आली. मामा काठावर दोन्ही हात पसरून ओरडले, "येऊ नोको! मांगं घे गाडी!" चालवणाऱ्या बाईने चिडून हॉर्न वाजवला. मागच्या सीटवर तिची दोन लेकरं होती. मामा हलले नाहीत. बघता बघता पाणी चढलं आणि काठावरची पाण्याची खोली दाखवणारी पट्टी अर्धी बुडाली. बाईने काच खाली केली, मामांकडे पाहून हात वर केला आणि गाडी मागे घेतली.

मामा आत येऊन बसले. चिंब भिजले होते. मी हीटर वाढवला.

"सुखरामले मीच म्हणलो होतो, बापू. टाक बैलबंडी पाण्यात, निघून जाईल म्हणलो. बैल निघाले. तो नाही निघाला."

सुखराम माझे धाकटे मामा. मी जन्मायच्या आधीच ते नाल्याच्या पुरात गेले, एवढंच मला ठाऊक होतं.

"तुझ्या मायले नोको सांगू. तिनंच वाढवला होता त्याले."

मी कोणालाच सांगितलं नाही. मामा गावी परतले आणि तीन वर्षांनी गेले. तेरवी आटोपल्यावर आई चिचगडच्या घरापुढच्या छपरीत एकटीच बसली होती. मला राहवलं नाही. देवाजीमामा सुखराममामांबद्दल जे बोलले ते मी सांगू लागलो, तसा तिने माझा हात धरला.

"त्या दिवशी मी काठावरच होती, बापू. दादाचं बोलणं आयकलं होतं मी."

"मग इतक्या वर्षांत त्यांना कधी बोलली नाहीस?"

"कायले बोलू? एक भाऊ पाण्यात गेला होता. बोलली असती तं दुसराही गेला असता."